तणनाशकाचा पंप वेगळाच हवा

‘तण खाई धन’ ही म्हण खरीच आहे. पेरणीनंतर पहिला महिना-दीड महिना तण पिकाच्या तोंडचे खत-पाणी पळवते. म्हणून खुरपणी, कोळपणी किंवा तणनाशक वेळेवर हवे.

ज्वारी, गहू व उसातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारतात. कपाशीला मात्र हे औषध अजिबात सोसत नाही. पंपात राहिलेल्या अंशानेही तिची पाने बोटांसारखी चिरून आखडतात, पाते-फुले गळतात. पंप नुसत्या पाण्याने विसळणे पुरेसे नाही.

पंप भाड्याने देणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या बांधवांनी तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर रंगाची ठळक खूण करावी आणि गिऱ्हाइकाला आधी पीक विचारावे. त्याची कपाशी गेली, तर आपली पतही जाते.