थकलेल्या हृदयाला विश्रांती

हृदयविकार म्हटला की छातीत उठणारी कळ आणि रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्याच्या रोहिण्या मोकळ्या आहेत, झडपा निर्दोष आहेत आणि रक्तदाबाचीही तक्रार नाही, अशा ऐन उमेदीतल्या माणसाला जिना चढताना धाप लागावी, रात्री आडवे होताच गुदमरून उठून बसावे लागावे आणि संध्याकाळी पावलांवर सूज यावी, तेव्हा व्याधीचे मूळ हृदयाच्या स्नायूतच असण्याचा संभव असतो. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त लोटणारा हृदयाचा कप्पा, विस्तारत जाते आणि तिचे आकुंचन दुबळे होते. निरोगी हृदय दर ठोक्याला जवनिकेतील रक्तापैकी सुमारे ५५ ते ७० टक्के रक्त पुढे लोटते. येथे ते प्रमाण ४० च्या, क्वचित २० च्याही खाली उतरते, आणि इकोचा कागद हातात घेऊन नातेवाईक ‘पंपिंग कमी झाले आहे’ असे म्हणतात ते यालाच.

कारणे अनेक आहेत: विषाणूंमुळे झालेला स्नायूदाह, वर्षानुवर्षांचे मद्यपान, डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरील औषध, क्वचित बाळंतपण. पुष्कळ रुग्णांत मात्र दोष आनुवंशिक असतो. स्नायूला लवचिकता देणाऱ्या टायटिन या महाकाय प्रथिनाच्या जनुकातील बिघाड हे अशा घराण्यांतील एक प्रमुख कारण असल्याचे २०१२ साली स्पष्ट झाले. म्हणूनच घरात एकाला हा विकार आढळल्यास त्याच्या आईवडिलांनी, भावंडांनी व मुलांनी, कसलाही त्रास नसला तरी, इको करून घेणे अगत्याचे आहे.

या व्याधीत मला सर्वांत विलक्षण वाटते ती शरीराची स्वतःचीच तजवीज. हृदयाचा जोर ओसरला की शरीर त्याचा अर्थ रक्तस्राव झाला असा लावते; ॲड्रेनॅलिनवर्गीय द्रव्ये ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी रोखून धरतात. जखमी माणसाला जो बंदोबस्त काही तास तारून नेतो, तोच महिनोन्‌महिने अंमलात राहिला म्हणजे थकून बसलेल्या बैलाला पराणी टोचत राहावे तशी हृदयाची अवस्था होते. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागश्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात रुग्णांना बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी औषधे, दिली आणि त्यांची हृदये सुधारल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यकाचा दंडक याच्या नेमका उलट होता. दुबळ्या हृदयाला ही औषधे वर्ज्य मानली जात. जवळजवळ पाव शतक संशयात गेले. अखेर १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांत ही औषधे घेणाऱ्या हृदयदौर्बल्याच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे सिद्ध झाले. अत्यल्प मात्रेने आरंभ करून ती आठवड्यांच्या मुदतीने वाढवावी लागते, आणि पहिल्या काही दिवसांत रुग्णाला अधिकच गळून गेल्यासारखे वाटू शकते, हे त्याला आधीच सांगणे वैद्याचे कर्तव्य होय.

औषधांनी भागत नाही तेव्हा प्रत्यारोपणाचा विचार येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील शल्यविशारद ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या जगातील पहिल्या मानवी हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, हे धाडस केले होते. रुग्ण काही तासच जगला, आणि देशात हे कार्य यशस्वी व्हायला १९९४ साल उजाडावे लागले.

आज योग्य औषधयोजनेने कित्येकांची जवनिका पुन्हा आकसते, दम लागत नाही, इकोही जवळजवळ निर्दोष येतो, आणि मग गोळ्यांचा खर्च व कंटाळा यांपायी त्या परस्पर बंद करण्याचा मोह होतो. लंडनमधील संशोधकांनी अशा सावरलेल्या ५१ रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध केली: देखरेखीखाली औषधे क्रमाक्रमाने थांबवलेल्या २५ जणांपैकी ११ जणांचा विकार सहा महिन्यांच्या आत उलटला, ज्यांनी औषधे चालू ठेवली त्यांच्यात त्याच मुदतीत एकाचाही उलटला नाही.