फौजी उमेदवार आणि घरचे कागद

शिरूर-दौंडकडं कुणाचा दीर, कुणाचा भाऊ फौजेत असतो. रिटायर झाल्यावर एखादा अग्निशमन दलात लागतो. मग पारावर कुणी म्हणतं, "आगीत शिरणारा गडी, आमदारकीला उभा राहा की!"

राहता येतं. फौजेची पेन्शन आड येत नाही. चालू नोकरी मात्र येते. अर्ज भरण्याआधी राजीनामा द्यावा लागतो. हरल्यावर ती नोकरी परत मिळेल असं धरून चालू नका. वय 25 पूर्ण हवं, राज्यात कुठंही मतदारयादीत नाव हवं. म्हणजे दौंडचा माणूस शिरूरमधून उभा राहू शकतो, पण सूचक शिरूरचेच मतदार लागतात; अपक्षाला 10. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 5,000. हरला आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नसली, की ती गेली.

आता आपल्या घरातलं. अर्जासोबतच्या शपथपत्रात बायकोच्या नावची जमीन, दागिने, ठेवी, कर्ज सगळं लिहावं लागतं. ते कुणालाही वाचता येतं. त्यामुळं ‘कागदाचं मी बघतो’ असं मालक म्हणाले, तरी आपण बसून वाचायचं. बचतगटाचं कर्ज त्यांना कुठं ठाऊक असतं!

फ्लेक्सवर जवानांचे फोटो नकोत, असं निवडणूक आयोगानं 2013 आणि 2019 साली पक्षांना बजावलंय.

आणि हो, बाईलाही हेच नियम. दौंडनं रंजना कुल यांना आमदार म्हणून पाहिलंय.