पथकर-उत्पन्नाचे पूर्वानुमान

पुलावरून भविष्यकाळात होणाऱ्या मालवाहतुकीचा व तीवरील पथकरापासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आगाऊ अंदाज बांधण्याची पद्धती. पुलाचा खर्च पथकरातून वसूल करावयाचा असल्यास कर्जफेडीचे हप्ते व वसुलीचा कालावधी या अंदाजावरून ठरतात. राज्य शासनाने १ जून २०१५ पासून ५३ पथकर नाक्यांवर हलक्या मोटारी व एस. टी. गाड्यांना सूट दिल्याने तेथील उत्पन्न मुख्यत्वे मालट्रकांवर अवलंबून राहिले.

खानदेशात धुळे येथे मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे मार्ग एकमेकांस मिळतात. पहिला शिरपूरजवळ सावळदे येथे तापी, तर दुसरा जळगावच्या पश्चिमेस बांभोरी येथे गिरणा ओलांडतो. अशा पुलांचे पूर्वानुमान वाहतूक-गणनेपासून सुरू होते. ही गणना सलग सात दिवस, रात्रंदिवस करतात व हंगामी गुणकांच्या साहाय्याने तीवरून वार्षिक दैनिक सरासरी काढतात. दिवाळीनंतरच्या कापूस हंगामातील आठवडा व पावसाळ्यातील आठवडा यांचे आकडे सारखे नसतात, म्हणून हे गुणक आवश्यक ठरतात.

यानंतर ट्रकचालकांना विचारून मालाचे उगमस्थान व गंतव्यस्थान नोंदवितात. केवळ जिल्ह्याच्या उत्पादनावरून अंदाज केल्यास तो फसतो. रावेर, यावल व चोपडा हे केळी पिकविणारे तालुके तापीच्या उत्तरेस आहेत. त्यामुळे तेथून उत्तर भारतात जाणाऱ्या केळीला सावळद्याचा पूल ओलांडावा लागत नाही. नाशिककडून रस्त्याने इंदूरकडे जाणाऱ्या कांद्याला मात्र तो ओलांडावा लागतो. गिधाडे, सारंगखेडा यांसारखे पर्यायी पूलही विचारात घ्यावे लागतात. पथकराची बचत आणि जादा डिझेल व वेळ यांची तुलना करून चालक मार्ग निवडतो. स्थानिक ट्रक वळण्याचा संभव लांब पल्ल्याच्या ट्रकांपेक्षा अधिक असतो.

वाढीचा दर राज्याचे उत्पन्न व वाहतुकीची मागणी यांच्या परस्परसंबंधावरून ठरवितात. त्यातील लहान फरकही कालांतराने मोठा होतो : दररोजचे १,००० ट्रक दरसाल ५ टक्क्यांनी वाढल्यास १५ वर्षांनी सु. २,०८०, तर ७ टक्क्यांनी वाढल्यास सु. २,७६० होतात.

ट्रकांच्या संख्येइतकीच त्यांची रचनाही महत्त्वाची असते. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत चौपदरी मार्गासाठी २००७–०८ चा पायाभूत दर प्रतिकिमी. मोटारीस ६५ पैसे, दोन आसांच्या ट्रकास २ रु. २० पैसे व चार ते सहा आसांच्या वाहनास ३ रु. ४५ पैसे असा होता. दोन लहान ट्रकांचा माल एका बहुआसी वाहनातून गेल्यास वाहनसंख्या निम्मी होते, परंतु उत्पन्न ४ रु. ४० पैशांवरून ३ रु. ४५ पैशांवर येते, म्हणजे निम्मे होत नाही. याउलट, २०१८ मध्ये चार चाकांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०·२ टनांवरून ११·५ टन झाला. त्यामुळे तेवढाच माल कमी फेऱ्यांत, त्याच वर्गाच्या वाहनांतून जाऊ शकतो व पथकर घटतो. म्हणून प्रथम टनभाराचे व नंतर वाहनांचे पूर्वानुमान करणे श्रेयस्कर होय.

प्रत्येक वर्गाची दैनिक संख्या, दर व वर्षाचे दिवस यांचा गुणाकार करून बेरीज केली म्हणजे वार्षिक उत्पन्न मिळते. दरात दरवर्षी ३ टक्के स्थिर वाढ व घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचा ४० टक्के अंश मिळविला जातो. सूट, चुकवेगिरी व खंड यांसाठी वजावट करावी लागते. निश्चलनीकरणानंतर ९ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०१६ या काळात राष्ट्रीय महामार्गांवरील वसुली स्थगित होती.

स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने २००५ मध्ये १०४ प्रकल्प तपासले, तेव्हा प्रत्यक्ष वाहतूक पूर्वानुमानाच्या सरासरीने ७७ टक्के आढळली. अंदाज फुगविल्यास निविदा आकर्षक ठरते. तूट मात्र पुढे बँका, शासन किंवा लांबलेल्या वसुलीच्या रूपाने वाहनधारक सोसतात. मालाचा वाढीव वाहतूकखर्च अखेर शेतकरी व ग्राहक यांच्यावर पडतो. यास्तव एकाच आकड्याऐवजी किमान, संभाव्य व कमाल असे तीन अंदाज देणे आणि कर्जफेडीची क्षमता किमान अंदाजावर पारखणे इष्ट ठरते.