कर्ज, प्रवास आणि बेचाळीस किलोमीटर

कर्ज, हप्ता, जमा, खर्च, बाकी हे शब्द तुम्हांला मराठीच्या तासाला शिकावे लागत नाहीत. ते घरातूनच तुमच्याबरोबर येतात. अरबी-फारसीतून ते फार पूर्वी मराठीत आले आणि दुकानदाराच्या वहीपासून सरकारी दप्तरापर्यंत सगळीकडे रुळले. एका शब्दाचा अर्थ मात्र थोडा सरकला आहे. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत हप्ता म्हणजे ठरावीक मुदतीने फेडायची कर्जाची रक्कम. ज्या घरावर कर्ज आहे, त्या घरात हा शब्द महिन्यातून एकदा तरी ऐकू येतोच.

अशा घरातील एखाद्या तरुणाला मॅरेथॉन धावावीशी वाटली तर? त्यासाठी दुसऱ्या शहरात जावेसे वाटले तर? “आधी देणे फेड, मग धाव,” असे घरातील मोठी माणसे म्हणतील. “देणे काय, जन्मभर असतेच,” असे मित्र म्हणतील. कोणाचे किती खरे, हे हिशेब करून पाहिले पाहिजे.

प्रथम मॅरेथॉन म्हणजे काय ते पाहू. ही ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची शर्यत आहे. १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ती प्रथम झाली. तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. ती शर्यत स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने जिंकली. पाणी वाहून नेणे हा त्याचा व्यवसाय होता. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर ठेवले होते. पुढे १९२१ साली तेच कायम झाले.

एवढे अंतर धावणाऱ्याची खरी परीक्षा तीस किलोमीटरनंतर सुरू होते. आपण खाल्लेल्या भाकरी-भातापासून शरीर एक प्रकारची साखर तयार करते आणि ती स्नायूंत व यकृतात साठवून ठेवते. धावताना हा साठा खर्च होतो. बहुतेकांचा साठा तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो. मग पाय जड होतात, डोके सुन्न होते. जो सुरुवातीला जोरात धावतो, त्याचा साठा लवकर संपतो. म्हणून जाणकार सांगतात, की पहिला निम्मा भाग हात राखून धावा.

कर्ज फेडणे हीसुद्धा एक मॅरेथॉन आहे, असे पुष्कळ लोक म्हणतात. ऐकायला हे बरे वाटते. परंतु ते अर्धेच खरे आहे. दोन्ही कामे लांब पल्ल्याची आहेत, एवढेच साम्य. एरवी कर्जाची शर्यत उलटी असते. तिथे सुरुवातीलाच जोर लावावा लागतो. असे का, ते एका उदाहरणाने समजून घेऊ.

समजा, मालेगावात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आहे. आईच्या आजारपणासाठी त्याने एका वित्त कंपनीकडून ५०,००० रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा दोन. पहिल्या महिन्याचे व्याजच १,००० रुपये झाले. त्याने दरमहा १,००० रुपयेच भरले, तर दहा वर्षांनीही मुद्दल ५०,००० रुपयेच राहील. हे एका जागी उभे राहून पाय आपटण्यासारखे आहे. घाम येतो, अंतर कापले जात नाही.

त्याने दरमहा १,५०० रुपये भरले तर? पहिल्या हप्त्यातील १,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ५०० रुपयांनी घटते. पुढच्या महिन्यात व्याज दहा रुपयांनी कमी होते. अशा गतीने कर्ज फिटायला ५६ महिने लागतात आणि एकूण सुमारे ८३,२०० रुपये भरावे लागतात. त्याऐवजी २,००० रुपये भरले, तर ३५ महिन्यांत कर्ज फिटते आणि एकूण ७०,००० रुपये जातात. महिन्याला पाचशे रुपये अधिक भरले, तर जवळजवळ पावणेदोन वर्षे आणि तेरा हजार रुपये वाचतात. वहीवर हा हिशेब स्वतः करून पाहा. गणिताच्या तासापेक्षा तो इथे अधिक उपयोगी पडेल.

आता प्रवासाकडे वळू. हा तरुण दीड हजारांचा हप्ता भरतो आहे. त्याच्या हातात जादा ५,००० रुपये आले. कर्जाच्या पहिल्याच महिन्यात ते पैसे त्याने शर्यतीच्या सहलीवर खर्च केले. हेच पैसे कर्जात भरले असते, तर पुढे सुमारे ८,८०० रुपये वाचले असते. म्हणजे पाच हजारांची सहल त्याला १३,८०० रुपयांना पडली! हीच सहल पन्नासाव्या हप्त्यानंतर केली, तर ती सुमारे ५,४०० रुपयांना पडते. गाडी तीच, शर्यत तीच. फक्त वेळ बदलली.

तेव्हा मोठ्या माणसांचे म्हणणे प्रवासाच्या बाबतीत बरोबर आहे. धावण्याच्या बाबतीत मात्र ते बरोबर नाही. धावायला तिकीट लागत नाही. मॅरेथॉनची तयारी चार-पाच महिन्यांत होते असे म्हणतात. परंतु ज्याने कधी धावलेच नाही, त्याला आधी वर्षभर तरी थोडे थोडे धावून पाय तयार करावे लागतात. कर्जाची पहिली जड वर्षे या कामाला चांगली. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याने किंवा शाळेच्या मैदानावर धावावे. आठवड्यातून एकदा लांब पल्ला घ्यावा आणि तो हळूहळू वाढवत न्यावा. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी अंतर कमी करावे आणि इफ्तारनंतर धावावे. तहानलेल्या शरीराकडून उन्हात काम घेऊ नये.

एक खर्च मात्र टळत नाही, तो बुटांचा. धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याचा जोड तीन ते पाच महिन्यांत झिजतो. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली, हे खरे. पण त्याला अनवाणी धावण्याची सवय होती आणि मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते. आपल्या डांबरी रस्त्यांवर काचा आणि खिळे असतात. बुटांत काटकसर नको; त्यांच्या रंगात आणि नावात करावी. खाण्याचेही तसेच. दुकानात धावपटूंसाठी महाग पुड्या मिळतात. खजूर, केळी आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की यांतून तीच शक्ती कमी पैशांत मिळते.

कर्ज बरेचसे उतरले, की प्रवासाचा विचार करावा. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती जानेवारीतील एका रविवारी असते आणि पूर्ण अंतर धावण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. आपल्या तरुणाने मालेगावहून मनमाडपर्यंत एस.टी.ने जावे. तिथून मुंबई रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आहे. वातानुकूलित डब्याचे तिकीट साध्या शयनयानाच्या दुपटीहून अधिक असते आणि दिवसाच्या पाच तासांच्या प्रवासाला शयनयानाचीही गरज नसते. आरक्षण हवेच असेल, तर ते लवकर करावे. तत्काळ तिकिटाला जादा आकार पडतो. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. एस.टी.त मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा बहीण धावणार असेल तर खर्च आणखी कमी.

खरी अडचण मुक्कामाची. शर्यतीचा क्रमांक आदल्या दिवसापर्यंत स्वतः जाऊन घ्यावा लागतो. शर्यतीच्या दिवशी तो देत नाहीत. आणि शर्यत पहाटे अंधारातच सुटते. त्यामुळे एक रात्र मुंबईत काढावीच लागते. नातेवाईक असतील तर उत्तम. मुंबईला फार पूर्वीपासून हजयात्रेला निघालेल्या लोकांची ये-जा होती, त्यामुळे तिथे मुसाफिरखान्यांची जुनी परंपरा आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांवर विश्रांतिकक्षही तिकीट दाखवून मिळतात. चौघे मित्र मिळून गेले, तर खोलीचे भाडे वाटले जाते. परतीचे पैसे मात्र घरून निघतानाच वेगळे बांधून ठेवावेत.

हे शेवटचे वाक्य फेलिक्स कार्वाहालला कोणी सांगितले असते तर! हा क्यूबा देशातील एक टपालवाला होता. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ऑलिंपिक भरले. तिथे जायला पैसे नव्हते, म्हणून त्याने गावोगावी धावून दाखवले आणि लोकांकडून वर्गणी जमवली. बोटीने तो न्यू ऑर्लिन्सला उतरला आणि तिथे फाशांच्या जुगारात सगळे पैसे घालवून बसला, असे सांगतात. पुढचा सुमारे १,१०० किलोमीटरचा रस्ता त्याने पायी आणि मिळेल त्या वाहनाने, लोकांकडे मागून खात पार केला. शर्यतीला तो लांब विजार घालूनच उभा राहिला. कोणीतरी ती गुडघ्यापाशी कापून दिली. त्या दिवशी कडक ऊन होते, वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. निघालेल्या ३२ जणांपैकी फक्त १४ जण शेवटपर्यंत पोहोचले. भुकेल्या कार्वाहालने वाटेतल्या बागेतील सफरचंदे खाल्ली, त्याच्या पोटात कळा आल्या, तो काही वेळ आडवा झाला. तरीही तो चौथा आला. खिशात जेवणाचे पैसे असते तर तो कितवा आला असता, कोण जाणे!

कार्वाहालने वर्गणी जमवून प्रवास केला. कधी कधी मात्र प्रवासासाठीच कर्ज काढावे लागते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे धावपटू नव्हते, कुस्तीगीर होते. पण त्यांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९५२ साली त्यांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते आणि पैसे पुरत नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. या रकमेवर व्याज किती होते, याचा विचार खाशाबांनी केला असेल की नाही, कोण जाणे. ज्याने आपल्यासाठी घर गहाण ठेवले, त्याचे देणे बिनव्याजी असले तरी हलके नसते. मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले, त्यांतून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.