गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे



गेल्या महिन्यात अकरावीच्या राज्यशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला, की घंटा झाली तरी उत्तर संपले नाही. तिचे मामा कॅलिफोर्नियात असतात. तिकडे निवडणुकीआधी राज्य सरकार मतदारांना एक जाड माहितीपुस्तिका पाठवते. मामांनी तिच्या पानांचे फोटो भाचीला पाठवले होते. ती म्हणाली, "सर, आपले विधायक मते मागायला येतात तेव्हा नळ, सडक आणि वीज यांवर बोलतात. तिकडे राज्याच्या निवडणुकीतसुद्धा संविधानाचीच चर्चा असते. ती का? संविधान तर साऱ्या देशाचे एकच असेल ना?"

प्रश्न फार चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत. उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम एक जुना उमेदवार निवडला आहे. आजच्या उमेदवाराचे फक्त बोलणे ऐकता येते. जुन्या उमेदवाराचे बोलणे आणि नंतरचे करणे, दोन्ही तपासता येतात. हा उमेदवार म्हणजे रोनाल्ड रीगन. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रीगन नव्हेत, तर १९६६ साली कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी प्रथमच निवडणुकीला उभे राहिलेले, ५५ वर्षांचे, सिनेमातले रीगन.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण हिंदीत आणि मराठीतही गव्हर्नरला 'राज्यपाल' म्हणतो, आणि तेथेच चुकतो. आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतला गव्हर्नर जनता थेट निवडून देते. त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे असते, पण विधानसभेतल्या बहुमतावर त्याची खुर्ची अवलंबून नसते. शिवाय कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरला अर्थसंकल्पातली एखादी रक्कम तेवढीच कापण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे असा अधिकार ना राज्यपालांना, ना मुख्यमंत्र्यांना.

दुसरी गोष्ट संविधानाची. अमेरिकेच्या प्रत्येक राज्याला स्वतःचे वेगळे संविधान असते. कॅलिफोर्नियाचे पहिले १८४९ चे, आणि सध्या चालू आहे ते मुळात १८७९ चे. १९११ पासून तेथील नागरिकांना आणखी एक हक्क आहे. पुरेशा सह्या गोळा केल्या तर कोणताही गट नवा कायदा, एवढेच काय संविधानातली दुरुस्तीसुद्धा, थेट मतपत्रिकेवर आणू शकतो. विधानसभेला विचारावेही लागत नाही. मामांच्या पुस्तिकेत असे प्रस्ताव क्रमांक घालून छापलेले असतात, बाजूच्या आणि विरोधाच्या युक्तिवादांसह. आता लक्षात येईल की तेथला राज्याचा उमेदवार संविधानावर का बोलतो. ते त्याच्या राज्याचेच असते, आणि दर निवडणुकीत त्याला हात लागू शकतो.

रीगन स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवीत. आपल्याकडे याला पुराणमतवादी म्हणतात, पण त्या शब्दाने सोवळे-ओवळे डोळ्यांपुढे येते, म्हणून तो शब्द येथे कामाचा नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकार जितके वाढते तितका माणसाचा हक्क आटतो, सबब सरकार लहान ठेवा, कर कमी ठेवा, माणसाला त्याच्या मालमत्तेचे आणि धंद्याचे बघू द्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी त्यांनी दूरदर्शनवर केलेल्या भाषणात हेच होते. गोल्डवॉटर सपशेल हरले, पण भाषण करणारा नट लोकांच्या लक्षात राहिला.

खरे सांगायचे तर शाळा चालवणाऱ्या माणसाला हे म्हणणे पटकन आवडते. एकच माहिती तीन पोर्टलवर तीनदा भरताना आम्हीही मनातल्या मनात रीगन झालेलो आहोत.

पण १९६६ च्या कॅलिफोर्नियात हक्काचा सर्वांत तापलेला प्रश्न कराचा नव्हता, घराचा होता. १९६३ साली तेथील विधानसभेने रमफोर्ड कायदा केला. बायरन रमफोर्ड हे बर्कलीचे कृष्णवर्णीय आमदार, व्यवसायाने औषधविक्रेते. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण, धर्म वा वंश पाहून नकार देण्यास बऱ्याच प्रकारच्या घरांच्या बाबतीत या कायद्याने बंदी घातली. घरमालक आणि घरांचे दलाल यांना तो मुळीच रुचला नाही. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९६४ च्या मतपत्रिकेवर प्रस्ताव क्रमांक १४ आला: मालकाला आपली मालमत्ता कोणालाही, आपल्या मर्जीने, देण्याचा किंवा न देण्याचा पूर्ण हक्क राहील आणि राज्य त्यात आडवे येणार नाही, असे संविधानातच लिहावे. सुमारे ६५ टक्के मतांनी तो मंजूर झाला. मौज अशी की त्याच दिवशी त्याच मतदारांनी नागरी हक्कांचा मोठा कायदा करणाऱ्या लिंडन जॉन्सन यांनाही भरघोस मते दिली.

रीगन यांची भूमिका मालकाच्या बाजूची होती. वर्णभेद त्यांना स्वतःला मान्य नाही, असे ते सांगत. परंतु वाईट वागणाऱ्याला सुधारण्यासाठी सरकारने सर्वांच्या मालमत्तेच्या हक्कात हात घालू नये, रमफोर्ड कायदा रद्द करावा, असे ते म्हणत. १९६४ च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्यालाही त्यांनी असाच विरोध केला होता. मार्च १९६६ मध्ये कृष्णवर्णीय रिपब्लिकन कार्यकर्त्यांच्या एका सभेत हा विषय निघाला. आपल्यावर वर्णद्वेषाचा आरोप होतो आहे असे वाटून रीगन संतापले आणि सभा सोडून निघून गेले. नंतर परत आले. तो राग खोटा होता असे आम्हाला वाटत नाही. मनात द्वेष नसलेला माणूससुद्धा अशी बाजू घेऊ शकतो की जिचा फायदा द्वेष करणाऱ्यालाच मिळेल, आणि या प्रकरणातली खरी अडचण तीच आहे.

हा वाद न्यायालयात पोहोचला तो सांता आना शहरातल्या एका कृष्णवर्णीय दांपत्यामुळे. त्यांना वर्णामुळे घर भाड्याने नाकारले गेले. आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, आणि मग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९६७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी, प्रस्ताव १४ रद्द ठरवला. न्यायालयाचे म्हणणे लक्ष देऊन वाचावे. एखाद्या मालकाने भेदभाव करणे ही एक गोष्ट. राज्याने आपल्या संविधानात लिहून त्या भेदभावाला पाठबळ देणे ही दुसरी गोष्ट. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले आहे, आणि राज्याच्या ६५ टक्के मतदारांनाही ते काढून घेता येत नाही. पुढे एप्रिल १९६८ मध्ये संपूर्ण देशासाठीच घरांबाबतचा कायदा झाला.

रीगन निवडून मात्र आले, आणि थोडेथोडके नाही, जवळजवळ १० लाख मतांच्या फरकाने. हरले ते पॅट ब्राऊन, ज्यांनी १९६२ मध्ये रिचर्ड निक्सन यांना हरवले होते. बर्कली विद्यापीठातली आंदोलने, शहरातल्या दंगली, वाढते कर, अशी कारणे बरीच होती.

पदावर आल्यावर काय झाले? मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या संघटनेचे सुमारे तीस लोक बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. गव्हर्नर त्या वेळी बाहेरच्या हिरवळीवर शाळकरी मुलांसोबत होते. उघडपणे भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक जागी फिरण्यास बंदी करणारे विधेयक तेव्हा सभागृहापुढे होतेच. त्याच वर्षी ते मंजूर झाले आणि रीगन यांनी त्यावर सही केली. आज त्यांच्या पक्षाचा राज्यातला कोणताही उमेदवार हक्कांची यादी सांगतो तेव्हा बंदुकीचा हक्क बहुधा वरच असतो. आणि २००८, २०१० व २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी तो व्यक्तीचा हक्क ठरून राज्यांवरही बंधनकारक झाला आहे. एकाच विचाराच्या लोकांचा 'पवित्र' हक्क पन्नास वर्षांत कसा बदलतो, हे यावरून दिसेल. बंदूक कोणाच्या हातात होती, याचाही त्या सहीशी संबंध होता, असे आम्हाला वाटते.

आता सरकारी सुधारणा. रीगन यांनी नवी नोकरभरती थांबवली, प्रत्येक खात्याला १० टक्के कपात करायला सांगितले, आणि दोनशेहून अधिक उद्योगपतींना व व्यवस्थापकांना सरकारी कचेऱ्या तपासायला बसवले. सरसकट १० टक्के कपात चालली नाही. ज्या खात्याने आधीच काटकसर केलेली असते त्याचे हाड कापले जाते, आणि उधळ्या खात्याची नुसती चरबी. गृहिणींना हे सांगायला नको. ब्राऊन सरकारने मागे ठेवलेली तूट मोठी होती, आणि तेथे राज्याला केंद्रासारखे तुटीवर चालता येत नाही. शेवटी १९६७ मध्ये रीगन यांना सुमारे १ अब्ज डॉलरची करवाढ करावी लागली. एकूण अर्थसंकल्प होता सुमारे ५ अब्जांचा! तोवर अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने एवढी करवाढ केली नव्हती. १९७५ च्या जानेवारीत ते पायउतार झाले तेव्हा राज्याचा खर्च दुपटीहून अधिक झाला होता. आम्ही याला लबाडी म्हणणार नाही. शाळा, रस्ते, दवाखाने हवे असणारी माणसे त्या राज्यात रोज वाढत होती, आणि महागाईही. मंचावरून जे 'सरकार' दिसते ते जवळ जाऊन पाहिले तर बहुतेक मास्तर, नर्स आणि पोलीस निघतात.

करावर संविधानातच मर्यादा घालण्याचा त्यांचा स्वतःचा प्रस्ताव १९७३ मध्ये मतदारांनी फेटाळला. पण पाचच वर्षांनी, जून १९७८ मध्ये, दुसऱ्यांनी आणलेला प्रस्ताव क्रमांक १३ मंजूर झाला. घरपट्टी मूल्याच्या १ टक्क्यावर बांधली गेली आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही असे ठरले. घरपट्टीचे उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून कमी झाले. म्हातारे घरमालक वाचले, हे खरे. पण स्थानिक शाळा त्याच घरपट्टीवर चालत होत्या. त्यांना राज्याच्या तिजोरीकडे हात पसरावा लागला. लहान सरकार मागायला गेलेल्या लोकांच्या शाळांचा कारभार गावातून राजधानीत गेला. अनुदानाची वाट पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट अधिक सांगायला नको.

विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न होता, "सर, आपल्याकडे प्रस्ताव १४ आहे का?" नाही, पण परिस्थिती फार वेगळीही नाही. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५ राज्यावर बंधन घालतो, आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, सार्वजनिक रस्ते येथे खाजगी माणसालाही भेदभाव करू देत नाही. राहत्या घराच्या भाड्याचा उल्लेख त्यात नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, सभासद पारशीच असावा हा संस्थेचा नियम योग्य ठरवला. आणि मालमत्तेचा हक्क आपल्याकडे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, तेच वर्ष, ज्या वर्षी कॅलिफोर्नियात प्रस्ताव १३ झाला.

आम्ही स्वतः कॉलेजात असताना परगावी खोली शोधत होतो. एका घरमालकांनी आडनाव विचारले, मग घरी काय शिजते ते विचारले, आणि म्हणाले, "खोली तर कालच गेली." पुढे आठ दिवस जाता-येता 'किराये से देना है' ही पाटी आम्ही वाचत होतो. मालकाचा हक्क आम्हाला कळत नव्हता असे नाही.

हे सर्व आज लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. शाळेच्या मागील बाजूच्या दोन खोल्या या वर्षी भाड्याने द्यावयाच्या आहेत. पालक सभेत काहींनी सुचवले की त्या 'केवळ मराठी कुटुंबासच' द्याव्यात. भावना आम्ही समजतो. ज्या अनुच्छेद ३० मुळे भाषिक अल्पसंख्याक म्हणून आम्हाला ही शाळा चालवता येते, तो आपल्या माणसांना जपण्यासाठीच आहे. त्याच्या लगतचा अनुच्छेद २९ (२) मात्र सांगतो की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेने केवळ भाषा, धर्म वा जात पाहून कोणाला प्रवेश नाकारू नये, आणि आज आमच्या वर्गांत निम्मी मुले घरी हिंदी बोलतात. खोल्यांना हे कलम लागू नाही. भाडेपट्ट्याचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे; 'केवळ' हा शब्द त्यात पेन्सिलीने लिहिलेला आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीपूर्वी पालकांनी आपले मत लेखी कळवावे. अकरावीच्या विद्यार्थ्यांनीही कळवावे, त्यांचे पत्र आम्ही स्वतः बैठकीत वाचून दाखवू.