जुन्या मोटारींची नवी खतावणी

मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाटच्या रचनेवर घडविलेली ही गाडी असंख्य कुटुंबांची पहिली मोटार होती. टॅक्सी गेली, तरी हौशी मंडळींच्या दारात पद्मिनी आजही उभ्या आहेत. त्या चालू ठेवताना मोठी अडचण येते ती माहितीची. कोणता सुटा भाग कोणत्या वर्षाच्या गाडीला बसतो, हे ज्यांना मुखोद्गत होते ते कारागीर आता थकले आहेत. त्यांचे ज्ञान बहुधा कोठेही लिहिलेले नाही.

ही उणीव भरून काढण्याचे साधन आज घरबसल्या उभारता येते. ते म्हणजे संगणकावर व मोबाइलवर उघडणारे, छंद म्हणून तयार केलेले वेब अ‍ॅप्लिकेशन. त्यास मोठे भांडवल लागत नाही. पायथन ही संगणकभाषा विनामूल्य आहे. अमेरिकेतील लॉरेन्स शहरातील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेली ‘जँगो’ ही प्रणाली २००५ पासून सर्वांना खुली आहे. खर्च येतो तो मुख्यतः संकेतस्थळाच्या नावाचा व सर्व्हरच्या भाड्याचा. बाकी लागते ती चिकाटी.

तथापि आज्ञावली लिहिण्यापूर्वी कागद घेऊन बसावे. येथे व्यापारी घरांतील रोजकीर्द व खतावणीची शिस्त उपयोगी पडते. प्रत्येक गाडीचे स्वतंत्र खाते असावे आणि त्यात दुरुस्ती, बदललेला भाग, झालेला खर्च व किलोमीटर यांची तारीखवार नोंद व्हावी. हे खाते कोणाच्या नावे उघडावे? मालकाच्या नावे उघडले, तर गाडी विकताच धागा तुटतो. गाडी दुसऱ्या राज्यात गेली की नोंदणी क्रमांकही बदलू शकतो. चासी क्रमांक मात्र गाडीबरोबर राहतो. म्हणून खाते त्यावरच बांधावे.

नवशिके नेमके येथेच अडखळतात. आजच्या गाड्यांचा हा क्रमांक १७ अक्षरांचा असतो. एक व शून्य या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वापरीत नाहीत. अमेरिकेत ही पद्धत १९८१ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांचे क्रमांक निरनिराळ्या लांबीचे आढळतात. सतरा अक्षरांचाच आग्रह धरणारे अ‍ॅप्लिकेशन, ज्या गाड्यांसाठी बांधले त्यांनाच दारातून परत पाठवील.

दुसरे पथ्य असे की, झालेली नोंद खोडू नये; चूक आढळल्यास दुरुस्तीची नवी नोंद करावी. याचे मोल पुढे कळते. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले; तिची मुदत दहा वर्षांची आहे. आरंभीच्या पद्मिनी आता या वयास पोहोचल्या आहेत. कोणता भाग मूळचा व कोणता बदललेला, हे बिलाच्या छायाचित्रासह दाखविणारी खतावणी हा काही सरकारी दाखला नव्हे. परंतु मालकाची स्मृती जेथे थांबते, तेथे ती बोलू लागते.

इतरांच्या गाड्यांच्या नोंदी स्वीकारताच जबाबदारी वाढते. ती माहिती ही ठेव आहे. दुर्मीळ गाडी कोठे उभी असते हे जाहीर करणे म्हणजे चोराला पत्ता देणे होय. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात अनेकदा स्थळाची नोंद दडलेली असते. ती काढून टाकावी. घराचा पत्ता मुळीच मागू नये. पासवर्ड आहे तसा कधीही साठवू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा कायदा आहे, याचेही भान ठेवावे. नोंदींची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

छंदाला कधीतरी ओहोटी लागते. एखाद्या वर्षी सर्व्हरचे भाडे भरायचे राहून जाते. यास्तव प्रत्येकाला आपल्या गाडीचे संपूर्ण खाते साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता यावे, ही सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी. मग अ‍ॅप्लिकेशन बंद पडले तरी वडिलांच्या गाडीची खतावणी मुलांच्या हाती राहील.