आवाजाआधी हात : हिंगोलीतील नवोदित डीजेची पहिली खरेदी

हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात, हळदीचा कार्यक्रम, वरात, गणेशविसर्जन आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंतीची मिरवणूक या प्रसंगी ज्या ध्वनिसंचाला डीजे म्हणतात, त्यात वाहनावर रचलेले टॉप आणि बेस हे स्पीकर, त्यांना शक्ती पुरवणारे अँप्लिफायर आणि मागून येणारा जनरेटर एवढे सगळे धरले जाते. गाणी निवडून ती एकमेकांत गुंफणारा माणूस मात्र त्यात केवळ ऑपरेटर म्हणून ओळखला जातो. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणाची पहिली जमापुंजीही त्यामुळे स्वाभाविकपणे स्पीकरकडे वळते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे: भांडवल तुटपुंजे असताना स्पीकर भाड्याने आणावेत आणि स्वतःचा पैसा हाताला व कानाला शिकवणाऱ्या उपकरणांवर खर्च करावा.

या कलेचा गाभा कोणता, हे तिच्या इतिहासातून स्पष्ट होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत बहिणीच्या समारंभासाठी कूल हर्क या तरुणाने गाणी वाजवली. दोन तबकडीयंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन प्रती लावून, त्या गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा आलटून पालटून लांबवण्याची त्याची पद्धत पुढे जगभर पसरली आणि हिप-हॉप या संगीतप्रकाराचा आरंभ त्या समारंभापासून मोजला जाऊ लागला. तेव्हापासून आजपर्यंत यंत्रे बदलली असली तरी काम तेच आहे. एक गाणे लोकांना ऐकू येत असताना दुसरे गाणे केवळ हेडफोनमध्ये ऐकायचे, त्याची गती पहिल्याशी जुळवायची, योग्य जागा सापडली की ते आत आणायचे आणि पहिले गाणे हलकेच बाहेर काढायचे. ही क्रिया ज्या साधनावर करता येत नाही ते साधन कितीही देखणे असले तरी शिकण्याच्या कामाचे नाही, आणि स्वस्त उपकरणांची पारख नेमकी याच कसोटीवर करावी लागते.

दोन तबकड्या आणि त्यांमधील मिक्सर यांची जागा आज नवशिक्यासाठी कंट्रोलर या एका उपकरणाने घेतली आहे. कंट्रोलर स्वतः गाणे वाजवत नाही. लॅपटॉपमधील प्रणाली गाणे वाजवते आणि कंट्रोलरवरील दोन फिरत्या चकत्या, सरकपट्ट्या व बटणे त्या प्रणालीला हाताने आज्ञा देतात. दोन्ही बाजूंच्या आवाजाचे प्रमाण बदलणारी मधली आडवी पट्टी म्हणजे क्रॉसफेडर, आणि गाण्याची गती कमी-जास्त करणारी उभी पट्टी म्हणजे टेम्पो किंवा पिच फेडर. या सर्वांपेक्षा महत्त्वाचा, परंतु दुकानात काचेआडून न दिसणारा भाग म्हणजे कंट्रोलरच्या पोटातील साऊंड कार्ड. लोकांसाठी एक आणि हेडफोनसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र ध्वनिप्रवाह एकाच वेळी बाहेर काढणारे कार्ड आत नसेल, तर पुढचे गाणे लपून ऐकण्यासाठी वेगळी दुभागणारी वायर किंवा वेगळे कार्ड घ्यावे लागते. पायोनियर डीजेच्या डीडीजे-२०० या स्वस्त कंट्रोलरमध्ये असे कार्ड नाही; त्याच कंपनीच्या डीडीजे-एफएलएक्स४ मध्ये आणि हर्क्युलिसच्या डीजेकंट्रोल इनपल्स ३०० मध्ये ते आहे. एफएलएक्स४ चा भाव तीस हजार रुपयांच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि तो रेकॉर्डबॉक्स व सेरातो या दोन्ही प्रचलित प्रणालींवर चालतो. इनपल्स ३०० मध्ये गती कोणत्या दिशेला व किती हलवावी हे दाखवणारे दिवे आहेत, जे गुरू जवळ नसलेल्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतात. ज्याला एवढाही खर्च झेपत नाही त्याने या वर्गातील जुना कंट्रोलर घ्यावा, मात्र लॅपटॉप सोबत नेऊन प्रत्येक पट्टी सावकाश सरकवून पाहावी, कारण आवाजात खरखर येणारी पट्टी आणि सैल झालेले यूएसबीचे छिद्र हे धुळीत वापरलेल्या यंत्राचे नेहमीचे आजार आहेत.

प्रणालीसाठी आरंभी पैसे मोजण्याची गरज नाही. कंट्रोलरसोबत बहुधा एखादी प्रणाली विनामूल्य मिळते, आणि मिक्स या नावाची मुक्त प्रणाली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर कायमची मोफत आहे. लॅपटॉप जुना चालतो. त्यात ८ जीबी स्मृती आणि जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी असली म्हणजे पुरे. चोरून उतरवलेली सशुल्क प्रणाली मात्र टाळलीच पाहिजे, कारण तिच्यासोबत येणारा व्हायरस ऐन वरातीत लॅपटॉप बंद पाडू शकतो.

गती जुळवण्याचे काम आता प्रणालीतील सिंक हे बटण करून देत असल्यामुळे शिकण्याची गरजच काय, असा प्रश्न नवोदिताला पडतो, आणि त्याचे उत्तर मराठी संगीतातच मिळते. गाण्याची गती दर मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत मोजतात. १०० ठोक्यांच्या गाण्याला १०४ ठोक्यांच्या गाण्याशी जुळवायचे तर ते चार टक्क्यांनी वेगवान करावे लागते. संगणकावर रचलेल्या आजच्या गाण्यात हे ठोके पहिल्यापासून शेवटपर्यंत समान अंतरावर असतात, म्हणून प्रणाली त्यांवर आखलेली रेघांची जाळी अचूक बसवते. परंतु प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील जुनी भक्तिगीते, वामनदादा कर्डक यांच्या पिढीची भीमगीते किंवा जुन्या लावण्या यांमध्ये ढोलकी आणि तबला माणसाने हाताने वाजवलेला आहे; अंतऱ्यात लय किंचित चढते, धृपदाला ती बसते, आणि जाळी दुसऱ्या कडव्यापर्यंत घसरलेली असते. अशा वेळी सिंकवर विसंबणाऱ्याची दोन गाणी एकमेकांवर आदळतात. तालाचा भेद याहून खोल आहे. केरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहा मात्रांचा. ठोक्यांचा आकडा तंतोतंत जुळला तरी सहा मात्रांच्या झुलत्या चालीवर आठ मात्रांचे गाणे चढवले की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते, आणि ते का अडखळले हे यंत्र सांगत नाही. ज्या जिल्ह्यात नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि जेथे टाळ, मृदंग, हलगी व संबळ कानावर पडतच मुले वाढतात, तेथील तरुणाजवळ हा तालाचा संस्कार आधीपासून असतो. परदेशी शिकवणीच्या चित्रफिती पाहून तो बाजूला टाकण्याऐवजी त्यालाच सरावाचा पाया करणे अधिक शहाणपणाचे ठरते. सुरुवातीचे काही महिने सिंकला हात न लावता, केवळ कान आणि पिच फेडर यांच्या बळावर गाणी जुळवावीत. पुढे ते बटण वापरण्यात कमीपणा नाही; ते चुकले कोठे हे ओळखता आले पाहिजे, एवढेच.

या सरावासाठी दुसरी खरेदी हेडफोनची. तो कान पूर्ण झाकणारा आणि मागून बंद असावा, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येत नाही. एक कप वळवून कान मोकळा करता आला तर उत्तम. बिनतारी हेडफोन या कामाला निरुपयोगी आहे, कारण ब्लूटूथमधून आवाज पोहोचण्यास लागणारा क्षणभराचा विलंब गती जुळवण्याचे गणितच बिघडवतो. गाणी शक्यतो विकत घेतलेली आणि ३२० केबीपीएस दर्जाची, म्हणजे सेकंदाला तेवढी माहिती साठवणारी असावीत, कारण चित्रफितीवरून उतरवलेल्या फाइलीतील पोकळपणा मोबाइलवर लपतो आणि मोठ्या स्पीकरवर उघडा पडतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार धार्मिक समारंभात, आणि त्याच्या स्पष्टीकरणानुसार विवाहाच्या वरातीत व विवाहाशी निगडित सामाजिक समारंभात, गाणे वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही; तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला मात्र ही सवलत लागू नाही.

आता स्पीकरकडे वळता येईल. वॅट हा आकडा दुकानदार पुढे करतो, आणि बॉक्सवर छापलेला क्षणिक शक्तीचा मोठा आकडा व सलग पेलण्याची, आरएमएस म्हणून सांगितली जाणारी शक्ती यांत मोठे अंतर असते. खरेदीत केवळ दुसरा आकडा विचारावा. पण तोही फसवा असतो, कारण कानाला जाणवणारा आवाज वॅटच्या प्रमाणात वाढत नाही. अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली की आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. एक हजार वॅटच्या संचाऐवजी दोन हजार वॅटचा संच घेण्यासाठी काढलेले कर्ज ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवणाऱ्या फरकासाठी काढलेले असते.

दुसरीकडे कायद्याने आखलेली मर्यादा या सर्व शर्यतीच्या फार अलीकडे आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे प्रमाण आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर लाउडस्पीकरचा आवाज या प्रमाणापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये, म्हणजेच निवासी वस्तीत दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल ठरते. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर घेतला आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो हा नियम लावला, तर ३२ मीटरवर ६७ डेसिबल उरतात. याचा अर्थ, केवळ एका वॅटचा आवाज बत्तीस मीटरवरही मर्यादेच्या पुढे असतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास बंदी आहे, सणांसाठी शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते, आणि वाहनाची रचना परस्पर बदलण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. वाहनावर उभारलेल्या भिंतीसारख्या संचात गुंतवलेले भांडवल एका जप्तीत अडकू शकते. कंट्रोलर पिशवीत घालून घरी नेता येतो. भाड्याने संच देणारे मंडप-लाइटवाले तालुक्याच्या गावी असतातच, आणि लहान घरगुती समारंभापुरता स्वतःचा संच हवाच असेल तर ज्यांत अँप्लिफायर आतच बसवलेला असतो असे दोन मध्यम स्पीकर पुरेसे होतात.

भाड्याच्या संचाला स्वतःचा कंट्रोलर जोडताना एक अडचण हमखास येते. स्वस्त कंट्रोलरचा आवाज आरसीए या साध्या जोडणीतून बाहेर पडतो. ही वायर लांब गेली की आजूबाजूच्या विजेचा गुणगुणाट ती उचलते. मोठ्या संचाची एक्सएलआर ही तीन पिनांची जोडणी तसा गुणगुणाट रद्द करते, म्हणून दोहोंच्या मध्ये डीआय बॉक्स नावाची लहान डबी ठेवावी. जनरेटरवर लॅपटॉपचा चार्जर लावताच घूं असा आवाज सुरू झाला, तर चार्जर काढून दोष कोठला ते ओळखावे. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याची जी युक्ती कामगार सांगतात ती प्राणघातक आहे. यूएसबीवर चालणाऱ्या कंट्रोलरला वेगळी वीज लागत नसल्यामुळे खेड्यात वीज गेली असतानाही लॅपटॉपच्या बॅटरीवर सराव चालू राहतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

पैशाचा मेळ हंगामाशी घालावा लागतो. हिंगोली व वसमतच्या बाजारात हळद विकली जाऊन हातात पैसा येतो तो उन्हाळ्यात, आणि लग्नेही त्याच सुमारास दाटीने असतात. चातुर्मासात मात्र लग्नाच्या सुपाऱ्या थांबतात आणि गणपती, नवरात्र व हिंगोलीचा दसरा यांवरच भिस्त राहते. कर्जाचा हप्ता असे महिने पाहत नाही. प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, आणि त्या मर्यादेत साऊंड कार्ड असलेला कंट्रोलर, हेडफोन, डीआय बॉक्स व वायरी बसून जुन्या लॅपटॉपलाही हातभार लागतो. व्याज १२ टक्के व मुदत तीन वर्षे धरली, तर पूर्ण रकमेचा मासिक हप्ता सुमारे १,६६० रुपये होतो. सुपारी नसलेल्या महिन्यातही तो शेतमजुरीवर किंवा दुसऱ्या कामावर फेडता येतो, लाखोंच्या स्पीकरचा फेडता येत नाही. नांदेड, हैदराबाद किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करताना पक्के बिल व हमीपत्र घ्यावे, कारण बिनबिलाच्या यंत्राला सेवा केंद्र दारात उभे करीत नाही.

यादीतील सर्वांत स्वस्त वस्तू बहुतेकांच्या यादीत नसतेच. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते, तर वरात तासन्‌तास चालते. आतील कानाच्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि ज्याचा व्यवसायच कानावर उभा आहे त्याची ही हानी कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. म्हणून कंट्रोलर घेण्यासाठी निघालेल्या प्रत्येक तरुणाने कानात घालण्याच्या बोळ्यांची एक जोडी त्याच दिवशी विकत घ्यावी, आणि दुसरी जोडी स्पीकरजवळ उभ्या राहणाऱ्या आपल्या मदतनीस मुलासाठी घ्यावी.